ओळ संपते, शब्द उरतो

१. शब्दाच्या पोटातली टिंबे

इंग्रजीचा मोठा शब्दकोश चाळताना मराठी वाचकाला एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते, ती म्हणजे शब्दाच्या पोटात मध्येच दिलेली टिंबे. ही टिंबे उच्चार दाखवण्यासाठी असावीत, असा समज शाळेपासून रुजलेला असतो. परंतु अमेरिकेच्या मेरिअम-वेबस्टर कोशात ‘डिक्शनरी’ हाच शब्द काढून पाहिला, तर टिंबांमुळे त्याचे तीन तुकडे पडलेले दिसतात आणि त्याच नोंदीत दिलेला अमेरिकी उच्चार मात्र ‘डिक्-श-ने-री’ असा चार ठोक्यांचा भरतो. एकाच नोंदीत एकाच शब्दाचे तीन भाग पडतात आणि चारही, हे कसे, असा प्रश्न जागरूक वाचकाला पडलाच पाहिजे.

त्याचे उत्तर असे की येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. शब्द उच्चारताना त्याचे किती ठोके पडतात हा पहिला प्रश्न, आणि छापताना तो ओळीच्या शेवटी मावला नाही तर कोठे तोडावा हा दुसरा. टिंबे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात. दोन्ही उत्तरे पुष्कळदा जुळतात, म्हणूनच गैरसमज टिकून राहतो.

इंग्रजीत लेखन आणि उच्चार यांची फारकत असल्यामुळे पुढील विवेचनात गरज पडेल तेथे मुळाक्षरांची नावे सुटी लिहिली असून शब्द जेथे तुटतो ती जागा उभ्या रेघेने दाखवली आहे. या पद्धतीने वरील शब्द ‘डी आय सी | टी आय ओ | एन ए आर वाय’ असा लिहिता येईल. चौथा ठोका शेवटच्या ‘वाय’चा आहे, पण तो एकटा पुढच्या ओळीवर ढकलून काहीच साधत नाही, कारण तुटलेल्या जागी जी आडवी रेघ द्यावी लागते ती स्वतःच एका मुळाक्षराची जागा खाते. ठोका असूनही तेथे टिंब नाही, ते एवढ्याचसाठी.

२. ओळ भरण्याची निकड

शब्द तोडावाच कशाला, तो सगळाच्या सगळा पुढच्या ओळीवर का नेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. हाताने लिहिताना बहुतेक जण तेच करतात. छापील पानाच्या दोन्ही कडा सरळ हव्यात असे ठरले की अडचण सुरू होते. लांब शब्द खाली गेल्यावर वरच्या ओळीत उरलेली जागा शब्दांमधील अंतर वाढवून भरून काढावी लागते, आणि वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात तर एका ओळीत चार-पाचच शब्द मावत असल्याने ते अंतर इतके फुगते की पानावर पांढरी भोके पडल्यासारखी दिसतात. जर्मनीतील माइन्झ येथे १४५५ च्या सुमारास छापून झालेल्या गुटेनबर्गच्या बायबलात बहुतेक पानांवर दर स्तंभाला ४२ ओळी आहेत, आणि त्या ओळींच्या उजव्या कडेला तुटलेल्या शब्दांपुढे दोन तिरक्या रेघांचे बारीक चिन्ह ठिकठिकाणी आढळते. युरोपातील खिळ्यांच्या छपाईइतकीच ही तोडणीही जुनी आहे.

या चिन्हाचे नाव हायफन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एकात’ किंवा ‘एकत्र’ असा आहे आणि मराठी व्याकरणही त्याला संयोगचिन्ह म्हणते. शब्द जेथे तुटतो तेथे उभ्या राहणाऱ्या चिन्हाला दोन्ही भाषांनी जोडणीचे नाव द्यावे हे वरवर उलटे वाटते, परंतु ते अगदी यथार्थ आहे. शब्द ओळीनेच तोडलेला असतो. चिन्ह वाचकाला एवढेच सांगते की उरलेला भाग खाली आहे, तो याला जोडून वाचावा.

३. माजघर, अंगण आणि परसू

उच्चारातील एका ठोक्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. मराठी भाषाविज्ञानात त्यालाच ‘अक्षर’ म्हणण्याची प्रथा आहे. पण बोली व्यवहारात अक्षर म्हणजे लिहिलेले चिन्ह, त्यामुळे गोंधळ टाळण्यासाठी येथे सिलॅबल हाच शब्द ठेवला आहे.

सिलॅबलची रचना जुन्या घराच्या रचनेवरून समजून घेता येते. घराला माजघर असतेच. अंगण आणि परसू मात्र जागेप्रमाणे असते किंवा नसते. स्वर हे सिलॅबलचे माजघर, स्वराच्या आधी येणारी व्यंजने हे त्याचे अंगण आणि स्वरानंतरची व्यंजने हे परसू होय. म्हणून शब्दात ऐकू येणारे स्वर मोजले की सिलॅबल मोजून होतात. ऐकू येणारे स्वर, लिहिलेले नव्हेत, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. ‘स्ट्रेंग्थ’ या शब्दात आठ मुळाक्षरे आहेत, पण स्वर एकच ऐकू येतो. तीन व्यंजनांचे अंगण आणि मागे आणखी व्यंजनांचे परसू असलेले हे एकच घर आहे, आणि म्हणून हा शब्द कोठेही तोडता येत नाही. उलट ‘आयडिया’ चार मुळाक्षरांत लिहिला जातो आणि त्यात तीन सिलॅबल भरतात. काही वेळा ‘एल’, ‘एम’ किंवा ‘एन’ यांसारखे लांबवता येणारे व्यंजनही माजघराची जागा घेते. ‘रिदम’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही, तरी त्यात दोन ठोके आहेत आणि दुसरा ठोका बहुतेक बोलणारे केवळ ‘म’च्या गुंजनावर पेलतात.

इथवर वाद नाही. वाद उभा राहतो तो दोन घरांच्या मधल्या जमिनीवरून. दोन स्वरांच्या मध्ये जे व्यंजन पडते, ते आधीच्या घराचे परसू की पुढच्या घराचे अंगण?

४. लघु-गुरूची किल्ली

या प्रश्नाची ओळख मराठी वाचकाला शाळेतच झालेली असते, फक्त ती वृत्तांच्या धड्यात झालेली असल्यामुळे लक्षात येत नाही. ‘सत्य’ हा शब्द लिहिताना ‘स’ आणि ‘त्य’ अशी दोन अक्षरे दिसतात. ‘स’ ऱ्हस्व आहे, तरीही वृत्त पाहताना तो गुरू धरतात आणि शब्दाच्या मात्रा तीन मोजतात. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, हा नियम पाठ असतो. त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते. उच्चारात जोडाक्षरातील पहिले व्यंजन मागे सरकते आणि आधीच्या स्वराचे परसू बनते, ‘सत्-त्य’ असा आवाज होतो, आणि परसू असलेले घर दोन मात्रांचे धरावे हा छंदःशास्त्राचा हिशेब आहे. ‘तुझ्या’ या शब्दात तसा आघात बसत नाही, तेथे ‘झ्’ मागे सरकत नाही, आणि म्हणून ‘तु’ लघूच राहतो. प्राचीन छंदःशास्त्रकारांनी अंगण आणि परसू यांचा हा वाद किती बारकाईने ऐकला होता, हे पाहून आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

देवनागरी लेखनाने मात्र कानाचा हा निवाडा बाजूला ठेवून आपला एकच सरळ नियम केला: मधली सारी व्यंजने पुढच्या स्वराकडे जातील. त्यामुळे उच्चारात ‘सत्-त्य’ असले तरी लेखनात ‘स | त्य’ असेच तुटते, आणि ‘करवत’ हा शब्द बोलताना ‘कर्-वत्’ असा दोनच ठोक्यांचा असला तरी कागदावर त्याची चार अक्षरे होतात. मराठी छापखान्यात शब्द तोडताना जोडाक्षर फोडायचे नाही आणि काना-मात्रा मागे ठेवायची नाही, एवढे पाळले की काम भागते. रोमन लिपीत अक्षरांचे असे गठ्ठे नसतात. तेथे सुटी मुळाक्षरे एकामागे एक उभी असतात, आणि सीमा कोठे आहे हे लिपी सांगत नाही.

५. ‘फादर’ आणि ‘मदर’

इंग्रजी कानाचा निवाडा कसा चालतो हे दोन घरगुती शब्दांवरून दिसते. वडिलांसाठीचा शब्द अमेरिकी कोश ‘एफ ए | टी एच ई आर’ असा तोडतात आणि आईसाठीचा ‘एम ओ टी एच | ई आर’ असा. मधले ‘टी एच’ दोन्हीकडे सारखेच आहे, ते एकाच ध्वनीचे चिन्ह असल्यामुळे दोन्हीकडे अखंडही राहिले आहे. मग ते एकदा पुढे आणि एकदा मागे का गेले? कारण पहिल्या शब्दातला स्वर दीर्घ आहे आणि दुसऱ्यातला ऱ्हस्व. इंग्रजीत आघातयुक्त ऱ्हस्व स्वराने शब्द संपत नाही, त्याला मागे व्यंजनाचा आधार लागतो. दीर्घ स्वर किंवा ‘एइ’, ‘आइ’ यांसारखा जोडस्वर मात्र उघड्यावर राहू शकतो. म्हणून ‘बेबी’ हा शब्द ‘बी ए | बी वाय’ असा तुटतो, तर ‘हॅबिट’ हा ‘एच ए बी | आय टी’ असा. पहिल्या घराला परसू नको आहे, दुसऱ्याला ते हवेच आहे.

ही गोष्ट प्रथम ठासून मांडणाऱ्यांत नोआ वेबस्टर हे अमेरिकी शिक्षक अग्रभागी होते. त्यांचे शुद्धलेखनाचे पुस्तक १७८३ मध्ये निघाले आणि ते तेथील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यापूर्वी प्रचलित असलेल्या टॉमस डिलवर्थ यांच्यासारख्या इंग्लिश लेखकांच्या पुस्तकांत मधले व्यंजन पुढच्या स्वराला देण्याची जुनी रीत होती, त्यामुळे ‘हॅबिट’ हा शब्द ‘एच ए | बी आय टी’ असा आणि ‘बिशप’ हा ‘बी आय | एस एच ओ पी’ असा फोडून शिकवला जाई. वेबस्टर यांचा आक्षेप असा की मूल ज्या तुकड्यांत शब्द शिकते त्या तुकड्यांतच तो उच्चारते. उघडा पडलेला ‘बी आय’ पाहिला की ते सहजच ‘बाय’ म्हणणार. म्हणून त्यांनी व्यंजन मागे घेतले आणि ‘बी आय एस एच | ओ पी’ अशी फोड केली. जुन्या रीतीत व्यंजने सरसकट पुढे जात. वेबस्टर यांनी तो निर्णय कानावर सोपवला.

कानावर विसंबले की एक अडचण येतेच. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना आघात पहिल्या सिलॅबलवर येतो आणि शब्द ‘आर ई सी | ओ आर डी’ असा तुटतो. तोच शब्द क्रियापद झाला की आघात पुढे सरकतो आणि तोडणी ‘आर ई | सी ओ आर डी’ अशी होते. ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ यांचीही हीच गत आहे. स्पेलिंगमध्ये काडीचाही फरक नसताना केवळ वाक्यातील कामावरून तुटण्याची जागा बदलते, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला वाक्य समजून घेतल्याखेरीज हा शब्द तोडता येत नाही.

६. कान आणि मूळ

ब्रिटिश छापखान्यांचा परंपरागत कल वेगळा होता. शब्द कोणत्या भागांपासून घडला ते पाहावे आणि त्या सांध्यावर तोडावा, असे ही परंपरा सांगते. ज्ञानासाठीचा ‘नॉलेज’ हा शब्द ‘जाणणे’ या अर्थाच्या चार मुळाक्षरी धातूपासून निघाला, म्हणून ब्रिटिश मुद्रक त्या चार मुळाक्षरांनंतर तोडतात; अमेरिकी मुद्रकाच्या कानाला पहिला स्वर ऱ्हस्व लागतो, म्हणून तो ‘एल’ही मागे घेऊन पाचव्या मुळाक्षरानंतर तोडतो. ‘डेमॉक्रसी’मध्ये लोक आणि सत्ता या अर्थाचे दोन ग्रीक शब्द आहेत, मूळ पाहणारा चार मुळाक्षरांनंतर ‘डेमो’पाशी थांबतो, तर कान मानणारा ‘सी’ मागे घेऊन ‘डेमॉक’पाशी. आज ही विभागणी पूर्वीइतकी काटेकोर राहिलेली नाही, ब्रिटिश कोशही उच्चाराकडे लक्ष देतात. तरी एकच शब्द दोन प्रतिष्ठित कोशांत दोन प्रकारे तुटलेला आढळला तर त्यात कोणाचीही चूक नसते.

जोडशब्द आणि प्रत्यय यांच्या बाबतीत मात्र दोन्ही पक्ष एक होतात. ‘हॉटहाउस’ या शब्दात ‘टी’ आणि ‘एच’ शेजारी आले तरी ते दोन वेगळ्या शब्दांचे आहेत, म्हणून येथे त्यांच्या मधूनच तोडायचे. ‘फॉलिंग’ हा शब्द दोन्ही ‘एल’ मागे ठेवून तुटतो, कारण ते मूळ धातूतच आहेत. ‘रनिंग’मध्ये दुसरा ‘एन’ प्रत्यय लागताना वाढला आहे, म्हणून तो पुढच्या ओळीवर जातो. एका ठोक्याचा शब्द तोडू नये, एकटे मुळाक्षर मागे किंवा पुढे सोडू नये, मुळातच हायफन असलेला शब्द त्या हायफनपाशीच तोडावा, विशेषनामांना शक्यतो हात लावू नये, ही पथ्येही सर्वमान्य आहेत.

या साऱ्या पथ्यांच्या मुळाशी वाचकाचा डोळा आहे. ओळीच्या शेवटी जे उरते त्यावरून मन पुढचा भाग ताडून ठेवते आणि मगच डोळा खाली उतरतो. ताडलेले चुकले तर त्याला परत वर यावे लागते. ‘पुन्हा जुळवून घेणे’ या अर्थाचा ‘रीअ‍ॅडजस्ट’ हा शब्द ‘आर ई’नंतर तोडला तर उपसर्ग लगेच ओळखू येतो, तोच ‘आर ई ए डी’नंतर तोडला तर ‘वाचणे’ या अर्थाचा शब्द मनात येऊन बसतो. ‘मॅनस्लॉटर’ म्हणजे मनुष्यवध. त्यातील ‘एस’ चुकून मागे राहिला तर पुढच्या ओळीच्या आरंभी चक्क ‘हसणे’ या अर्थाचा शब्द अवतरतो. मृत्यूच्या बातमीत अशी तोडणी छापून जाणे वाचकाला किती विटवेल, हे कोणत्याही मुद्रितशोधकाला सांगावे लागत नाही.

७. चार हजार नमुने

संगणकाला ना कान, ना धातूंचे ज्ञान. त्याला संपूर्ण कोशच द्यावा, तर तो जागा फार खातो आणि कोशाबाहेरचा शब्द आला की हात टेकतो. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथांची अक्षरजुळणी मनासारखी होत नाही हे पाहून १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘टेक’ ही प्रणाली लिहायला घेतली, आणि त्यांचे स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी १९८३ च्या आपल्या प्रबंधात या अडचणीवर जो उपाय मांडला तो आजही वापरात आहे.

लियांग यांनी शब्दांऐवजी मुळाक्षरांचे छोटे नमुने साठवले आणि नमुन्यातील जागांना आकडे दिले. विषम आकडा म्हणजे येथे तोडण्यास परवानगी, सम आकडा म्हणजे मनाई, आणि एकाच जागेसाठी दोन नमुने वेगवेगळे बोलले तर मोठा आकडा मानायचा. महसूल खात्यातील उतरंड डोळ्यांपुढे आणली तर हे चटकन कळते. तलाठ्याची नोंद मंडळ अधिकारी फिरवतो, त्यावर तहसीलदार, त्यावर प्रांत आणि सर्वांवर जिल्हाधिकारी. लियांग यांच्या पद्धतीतही पाचच पायऱ्या आहेत, आणि नियम, त्याला अपवाद, अपवादाला पुन्हा अपवाद अशी त्यांची मांडणी होते.

‘हायफनेशन’ हाच शब्द या कसोटीला लावून पाहता येईल. ‘वाय’ आणि ‘पी’ यांच्यामधील जागेला एका नमुन्याने ३ दिला आहे आणि विरोध कोणाचाच नाही, म्हणून तेथे तोडता येते. पुढे ‘ई’ आणि ‘एन’ यांच्यामध्ये ‘एन ए’ हा नमुना १ म्हणून परवानगी देतो, पण ‘एच ई एन’ हा नमुना २ म्हणून मनाई करतो, मनाई वरचढ. ‘एन’ आणि ‘ए’ यांच्यामध्ये ‘एन ए टी’ २ म्हणतो, तर ‘एच ई एन ए टी’ हा लांब नमुना ५ म्हणून ती मनाई मोडतो. शेवटी ‘ए’ आणि ‘टी’ यांच्यामध्ये ‘टी आय ओ’ची १ ही परवानगी ‘एच ई एन ए’च्या ४ या मनाईपुढे टिकत नाही. उरतो तो ‘एच वाय | पी एच ई एन | ए टी आय ओ एन’. नमुना जितका लांब, तितकी त्याला शब्दाची ओळख अधिक आणि बहुधा आकडाही मोठा, हे येथे दिसून येते.

इंग्रजीसाठी असे ४,४४७ नमुने निघाले. ज्या खिशातल्या कोशावरून ते काढले त्यातील ८९ टक्के तुटण्याच्या जागा त्यांना सापडल्या आणि चुकीची तोडणी जवळपास झालीच नाही. उरलेल्या ११ टक्के जागा सोडून दिल्या हा त्यातील समजूतदारपणा आहे. शब्द न तोडल्याने फार तर ओळ थोडी विरळ दिसते, चुकीचा तोडल्याने वाचक अडखळतो. टेकमध्ये याशिवाय १४ शब्दांची अपवादांची यादी दिलेली असते, आणि तिच्यात ‘प्रेझेंट’ व ‘प्रोजेक्ट’ हे शब्द आहेत. यंत्राला नाम की क्रियापद हे कळत नाही, म्हणून हे दोन्ही शब्द तोडायचेच नाहीत, असे तेथे नोंदवले आहे.

८. हॅबिट, बिशप आणि रेकॉर्ड

लियांग यांची पद्धत पुढे अनेक भाषांनी उचलली, आणि लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स वापरताना ओळीच्या शेवटी आपोआप उमटणारा हायफन याच पद्धतीने येतो. मराठीसाठीही नमुने तयार झाले आहेत. ते इंग्रजीच्या मानाने अगदी थोडे आहेत, कारण देवनागरीत सीमा लिपीनेच आखलेली असते.

इंग्रजी शब्द देवनागरीत आला की त्यालाही हीच सीमा लागू होते. ‘रेकॉर्ड’ नाम असो वा क्रियापद, मराठी मजकुरात तो ‘रे | कॉर्ड’ असाच तुटेल, कारण मधले व्यंजन पुढच्या स्वराकडेच जाते. ‘हॅबिट’ हा ‘हॅ | बिट’ असा आणि ‘बिशप’ हा ‘बि | शप’ असा तुटेल. वेबस्टर यांनी १७८३ मध्ये ज्या जुन्या रीतीला हरकत घेतली, तीच ही तोडणी आहे. पण त्यांना जी भीती होती ती येथे उरत नाही. रोमन लिपीत उघड्या पडलेल्या ‘बी आय’चा उच्चार ‘बि’ की ‘बाय’ हे त्यापुढच्या व्यंजनावरून ताडावे लागते, म्हणून ते व्यंजन मागे ओढून घ्यावे लागते. देवनागरीत ‘ब’ला पहिली वेलांटी दिलेली असते आणि ‘ह’वर चंद्र काढलेला असतो, त्यामुळे शब्दाचा उरलेला भाग पुढच्या पानावर गेला तरी स्वराचा उच्चार बदलत नाही.